'स्वाधार'चे हजार रुपये आणि खोलीचं भाडं

हिवरे बाजार बघायला राज्यभरातून माणसं येतात. मागच्या मे महिन्यात आम्हीही गेलो होतो, आजूबाजूच्या बौद्ध वस्त्यांमधली वीसेक पोरं-पोरी घेऊन. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं, डोंगरावर सलग समतल चर खणले गेले, शेतीसाठी बोअरवेल बंद झाल्या, ऊस आणि केळी बंद झाली. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि यंदा पिण्याला किती, पिकाला किती हे गाव ठरवतं. पोरांनी सगळं वह्यांत उतरवून घेतलं.

परतीच्या गाडीत एका मुलीनं विचारलं, "दादा, पाण्याचं समजलं. पण आम्हाला शेतच नाही. माझ्या खोलीभाड्याचा ताळेबंद बसत नाही, त्याचं काय करायचं?"

ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव देत नाही, गावही सांगत नाही. गाव हिवरे बाजारसारखंच शहरापासून वीस किलोमीटरच्या आत. (कागदावर आता अहिल्यानगर, पण बोलताना आमच्या तोंडी अजून नगरच येतं.) आई रोजंदारीवर जाते, वडील हमाली करतात. बारावीपर्यंत ती एसटीनं जाऊन-येऊन शिकली, मुलींना तोवर पास फुकट असतो. कॉलेजात आल्यावर प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायला लागलं आणि पुढे एसटी सापडेल तेव्हा घर. शेवटी चौघी मिळून एक खोली घेतली. प्रत्येकीचे महिन्याला अठराशे.

"स्वाधारचा अर्ज भरला का?" मी विचारलं.

"भरला. पण घरमालक भाडेकरार करून देत नाही. म्हणतो, राहायचं तर असंच राहा."

त्या गाडीत वीसपैकी सहाजण असे निघाले ज्यांना स्वाधार ही 'स्कॉलरशिप' आहे एवढंच माहीत होतं. त्यात घरभाड्यासाठी वेगळी रक्कम धरलेली असते, हे दोघांनाच ठाऊक होतं. म्हणून हा लेख.

घर म्हणजे मालकीचंच घर

आपल्याकडे घराच्या योजना कमी नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. ग्रामीण भागात १ लाख ३२ हजार, शहरात अडीच लाखांपर्यंत अनुदान. प्रधानमंत्री आवास योजना आहे. जागा नसेल तर घरकुलासाठी जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं अर्थसाहाय्याची योजना आहे. 'नवबौद्ध' या शब्दाबद्दल जाता जाता एक गोष्ट. १९५६ च्या धम्मदीक्षेला सत्तर वर्षं होत आली तरी सरकारी कागदात आपण अजून 'नव'च आहोत. शब्द खटकतो, पण त्याचा एक उपयोग आहे. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेलं असलं तरी या शब्दामुळे राज्याच्या योजनांचं दार आपल्याला बंद होत नाही. त्यामुळे दाखल्यावर बौद्ध असल्यानं अर्ज चालणार नाही, असं कुणी टेबलावर सांगितलं तर मुकाट्यानं परत यायचं नाही.

तर या सगळ्या योजनांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. घर म्हणजे स्वतःच्या नावावरचं, स्वतःच्या जागेतलं घर. ग्रामपंचायतीचा आठ-अ चा उतारा हवा, गावठाणात जागा हवी. जो भाड्यानं राहतो तो या यंत्रणेला दिसत नाही. शिकायला किंवा कामाला गेलेली आपली पोरं नेमकी भाड्यानं राहतात.

असं नेहमीच नव्हतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं कामकरी माणसांसाठी भाड्याच्या चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीतल्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेबांचं कुटुंब वीसेक वर्षं भाड्यानं राहत होतं. कोलंबिया, लंडन, महाड, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, हा सगळा काळ त्या चाळीतल्या बिऱ्हाडाचा आहे. राजगृह नंतरचं. म्हणजे आजच्या भाषेत ज्याला सार्वजनिक भाड्याचं घर म्हणतात, बाबासाहेब त्याचे भाडेकरू होते. त्याच काळात बडोद्यात त्यांना काय भोगावं लागलं ते आपल्याला पाठ आहे. नोकरी आहे, पदव्या आहेत, भाडं द्यायची तयारी आहे, तरी पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. बडोद्याला खोली मालकाच्या मर्जीवर होती. परळची खोली एका सार्वजनिक संस्थेची होती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या, एकूण २०७. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. आंबेडकरी चळवळीच्या कित्येक पिढ्या तिथल्या एकेका खोलीत वाढल्या. आता त्यांचा पुनर्विकास सुरू आहे आणि ज्या भाडेकरूंनी संक्रमण शिबिराऐवजी बाहेर घर शोधलं त्यांना दरमहा २५ हजार रुपये भाडं मिळतं. मुंबईच्या भाड्याकडे बघता ते योग्यच आहे. पण मुद्दा असा की आपल्या राज्यात भाड्याची मदत देता येत नाही असं नाही. जिथे भाडेकरूंच्या नावे खोली आहे, समिती आहे, मतं आहेत, तिथे ती देता येते. कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसतं.

अमेरिकेत १९७४ पासून भाड्याच्या व्हाउचरची पद्धत आहे. कुटुंबानं आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरायचं, उरलेलं सरकार थेट घरमालकाला देतं. तिथेही व्हाउचर असलेल्याला घर नाकारणारे मालक आहेतच. आपल्याकडे केंद्राच्या २०१५ च्या भाडे-गृहनिर्माण धोरणाच्या मसुद्यात व्हाउचरची कल्पना होती. पुढे २०२० मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाल्यानंतर, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली आणि २०२४ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा घटक ठेवला गेला. या दोन्हींचा रोख इमारतींवर आहे: रिकामी सरकारी घरं भाड्यानं द्या, किंवा कुणीतरी नवी बांधा. भाडेकरूच्या खात्यावर त्यातून एक रुपया येत नाही.

आपल्या मुलांच्या खात्यावर भाड्यासाठी खरोखर पैसे टाकणारी योजना म्हणजे स्वाधार.

स्वाधार नेमकी काय आहे

पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय जानेवारी २०१७ चा, लागू २०१६-१७ पासून. कारण साधं होतं. समाजकल्याणच्या वसतिगृहांत जागा कमी आणि अर्ज जास्त. ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांनी बाहेर राहायचं आणि जेवण, निवास, निर्वाह यासाठी सरकारनं वर्षाला ठराविक रक्कम द्यायची.

रक्कम शहरावर ठरते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे वर्षाला ६० हजार. त्यात भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार. विभागाची ठिकाणं आणि 'क' वर्ग महापालिकांच्या शहरांत ५१ हजार. त्यात निवास १५ हजार. बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. भोजन २५, निवास १२, निर्वाह ६. नगर या तिसऱ्या गटात येतं. नंतर योजना तालुक्याच्या ठिकाणापर्यंत नेली, तिथे ३८ हजार. याशिवाय शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला ५ हजार, इतरांना २ हजार.

आता भागाकार करा. नगरमध्ये निवासाचे १२ हजार म्हणजे महिन्याला हजार रुपये. पुण्यात २० हजार म्हणजे महिन्याला १,६६६. आमच्या त्या मुलीचं भाडं अठराशे, तेही चौघींत एक संडास-बाथरूम आणि पाणी दिवसाआड. हजार रुपये सरकारचे, आठशे भोजनाच्या पैशातून. म्हणजे भाडं भरायचं तर एक वेळचं जेवण कमी करायचं. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. या पैशामुळे कॉलेज न सोडलेली मुलं मला माहीत आहेत. पण निवासाचा हा आकडा योजना आली तेव्हापासून तिथंच आहे आणि या काळात कुठल्या शहरात खोलीचं भाडं तिथंच राहिलं, ते मला दाखवा. महागाई भत्ता नोकरदाराला दर सहा महिन्यांनी वाढवून मिळतो. तीच पद्धत निवास भत्त्याला का नको, हा प्रश्न आपल्या संघटनांनी निवेदनात पहिल्या क्रमांकावर घ्यायला हवा. सध्याच्या बहुतेक निवेदनांत 'रखडलेली रक्कम तातडीनं द्या' एवढंच असतं. ती मागणी बरोबर आहे, पण अपुरी.

पात्रतेबद्दल थोडक्यात. विद्यार्थी अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध, महाराष्ट्राचा रहिवासी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. अकरावी-बारावी किंवा त्यापुढचा अभ्यासक्रम. आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण. सुरुवातीला ही अट ६० टक्क्यांची होती, विद्यार्थ्यांच्या रेट्यानंतर ती खाली आली. दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. वर्गातली हजेरी ७५ टक्के हवी. शासकीय वसतिगृहात प्रवेश घेतलेला नसावा. आणि जिथे कॉलेज आहे त्या शहराचा विद्यार्थी रहिवासी नसावा.

या शेवटच्या अटीवर जरा थांबतो, कारण शहराजवळच्या खेड्यांतली मुलं इथेच मागे हटतात. "तुमचं गाव जवळच आहे की, जाऊन-येऊन करा," असं त्यांना कुणीतरी ऐकवतं, बरेचदा आपल्यातलंच. अट शहराच्या हद्दीची आहे, अंतराची भावना तिथे लागू होत नाही. हिवरे बाजार किंवा त्याच्या शेजारचं गाव नगर तालुक्यात असलं तरी महापालिकेत नाही. तिथला विद्यार्थी शहरात खोली घेऊन राहतो तेव्हा तो बाहेरगावचाच. 'जाऊन-येऊन' हे ज्याच्या घरी मोटारसायकल आहे त्याला परवडतं. रात्री आठला फाट्यावर उतरून अंधारात वस्तीवर चालत जाणाऱ्या मुलीला ते सांगू नये.

करार कोण करून देतं?

अर्जासोबतच्या कागदांत सध्या कुठे राहता याचा पुरावा लागतो. खासगी वसतिगृह असेल तर त्याची पावती, भाड्याची खोली असेल तर भाडेकरार. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बोनाफाइड, हे सगळं मुलं तहसील आणि कॉलेजच्या चकरा मारून गोळा करतात. अडतं ते करारावर. कारण तो एकच कागद असा आहे की जो सरकार देत नाही, कॉलेज देत नाही. तो खासगी माणसाच्या हातात आहे.

घरमालक तयार का नसतो? मी आजवर ज्या मालकांशी बोललो त्यांची कारणं साधारण तीन. एक, करार केला की भाडं कागदावर येतं आणि आयकराची भीती. दोन, भाडेकरू खोली बळकावेल. तीन, अकरा महिन्यांच्या खाली नोंदणी लागत नाही, असा पक्का गैरसमज.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार आपल्या राज्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणी करायची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर भाडं किती ठरलं होतं, अटी काय होत्या, याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे शेवटचं वाक्य आमच्या एका कार्यकर्त्यानं एका मालकाला शांतपणे वाचून दाखवलं आणि मालकानं दुसऱ्या दिवशी आधार कार्ड काढून दिलं. वाचून दाखवताना आवाज चढवायचा नाही, एवढं पथ्य पाळावं. विद्यार्थ्याला त्याच खोलीत राहायचं असतं.

बळकावण्याच्या भीतीचं उत्तरही त्याच कायद्यात आहे. कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा परत मागू शकतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई घेऊ शकतो. म्हणजे नोंदवलेला करार मालकाचंच संरक्षण करतो. तोंडी राहणारा पोरगा उद्या हलला नाही तर मालकाकडे दाखवायला काय आहे?

खर्चाचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत हजार रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. चौघींच्या खोलीत ते वाटून घेतलं तर माणशी तीनशेच्या आत येतं, एजंटाचे पैसे वेगळे. चौघींची नावं एकाच करारात घ्यावीत. एकीच्या नावानं करार आणि बाकीच्या तिघी 'पाहुण्या', असं केलं की तिघींचे अर्ज पडतात. कुठे नोटरी केलेला करार चालवून घेतात, कुठे नोंदवलेलाच मागतात. म्हणून नोंदवलेलाच करावा.

आडनाव विचारल्यानंतर

वरची तीन कारणं मालक बोलून दाखवतात. चौथं बोलून दाखवत नाहीत. खोली रिकामी आहे म्हणून फोनवर सांगतात, जाऊन आडनाव सांगितलं की "कालच दिली". किंवा "आम्हाला फॅमिलीच पाहिजे". किंवा "तुम्ही घरात मटण करणार का?" एका मुलानं मला सांगितलं की तो आता पहिल्यांदा फक्त नाव सांगतो आणि आडनाव करार करताना. यावर हसावं की रडावं हे मला कळलं नाही. करार न करण्यामागे कधीकधी हेच असतं. करार म्हणजे पूर्ण नाव, आणि ते शेजाऱ्यांनी, सोसायटीनं वाचायचं.

हे केवळ आपलं मनातलं नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. घर भाड्यानं शोधणारे म्हणून सवर्ण, दलित आणि मुस्लीम असे तिन्ही गट घरमालकांकडे गेले. सवर्णांना नकार मिळाला नाही. दलितांपैकी १८ टक्क्यांना सरळ नकार आणि २३ टक्क्यांना वाढीव अटी. मुस्लिमांना ३१ टक्के नकार. एम.ए.ला असताना मी असल्या तक्त्यांवर टिपणं काढायचो. आता त्या १८ टक्क्यांतले चेहरे ओळखीचे झालेत.

कायदा यावर काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहण्याचं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाची रक्कम वाचूनच कळतं की हा कायदा कुणी कधी गंभीरपणे वापरायला काढलेला नाही. अडचण पुराव्याची आहे. "जातीमुळे देत नाही" असं तोंडानं कोण म्हणेल? तरीही ज्या वेळी कुणी मेसेजवर किंवा जाहिरातीत तसं लिहितं, त्या वेळी स्क्रीनशॉट ठेवा आणि जिल्ह्यातल्या आपल्या वकिलांपर्यंत पोचवा. पन्नास घटनांत एक अशी सापडते. ती सोडू नये.

आणि म्हणूनच वसतिगृहांचा विषय मी सोडत नाही. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्याच वर्षांत सोलापूरला वसतिगृह काढलं होतं. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचा आणि १९७२ च्या दलित पँथरचा संबंध आपल्याला माहीत आहे. वसतिगृहात खोलीबरोबर वाचनालय असतं, वरच्या वर्गातली मुलं असतात, रात्री दोनपर्यंतचे वाद असतात, आणि आडनाव कुणी विचारत नाही. स्वाधारमुळे मुलगा शहराच्या चार कोपऱ्यांतल्या एका कोपऱ्यात एकटा जाऊन राहतो. सरकारला ते स्वस्त पडतं, जागा नको, वॉर्डन नको, मेस नको. माझं मत असं की स्वाधारची रक्कम वाढवा, आणि ती दिली म्हणून वसतिगृहांच्या जागा वाढवणं थांबवू नका. दोन्ही मागण्या एकत्र करायच्या. नुसती पहिली केली तर दहा वर्षांनी वसतिगृहं ओस पडतील आणि आपणच ती ओस पाडलेली असतील.

पैसे केव्हा येतात

भाडं पाच तारखेला द्यावं लागतं. स्वाधार पाच तारखेला येत नाही. प्रवेश होतात, मग अर्ज (वसतिगृह आणि स्वाधार या दोन्हींसाठी ऑनलाइन), मग छाननी, मग त्रुटी, मग यादी. पुढे सत्राची हजेरी आणि निकाल जोडावा लागतो, मग हप्ता. त्यात निधी नसला तर थांबा. रखडलेल्या स्वाधारसाठी राज्यात ठिकठिकाणी विद्यार्थ्यांना समाजकल्याण कार्यालयांसमोर बसावं लागलं आहे. म्हणजे भाड्याची मदत असं नाव असलं तरी प्रत्यक्षात ती भाडं भरून झाल्यावर मिळणारी भरपाई आहे. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच ती घेता येते. डिपॉझिट तर या हिशोबात कुठेच नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात मागच्या वर्षी आम्ही यासाठी एक वही सुरू केली. नोकरीला असलेल्या बाराजणांनी महिन्याला पाचशे द्यायचे ठरलं. नियमित नऊजणांनी दिले. त्यातून विद्यार्थ्याला तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम बिनव्याजी उसनी द्यायची, स्वाधार आली की परत. अट एकच ठेवली, नोंदवलेला करार दाखवायचा, आणि तो करून घ्यायला विहाराचे दोघेजण मालकाकडे सोबत येणार. दोघांत एक बाई असावी, हे आम्ही पहिल्या महिन्यातच शिकलो. तीन पुरुष दारात उभे राहिले की मालकीण कडी लावते. दर रविवारी वंदनेनंतर तासभर अर्ज भरायला बसतो, कुणाकडे लॅपटॉप असेल तर तो आणतो. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे अर्ज भरायच्या आधी बघतो. मंजूर रक्कम दुसऱ्याच बंद खात्याकडे गेल्याचं एक प्रकरण निस्तरायला आम्हाला पाच महिने लागले होते.

पहिल्या वर्षी सहाजणांना पैसे दिले. चौघांनी पूर्ण परत केले, एकानं निम्मे. एकजण कॉलेज सोडून चाकणला कंपनीत लागला, त्याच्याकडे आम्ही मागितले नाहीत. त्यानं दिवाळीत स्वतः पाचशे पाठवले आणि वहीत देणाऱ्यांच्या बाजूला नाव लिहा म्हणाला.

गाडीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या घरमालकाकडे आम्ही जूनमध्ये दोनदा गेलो. पहिल्यांदा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा त्यानं कलम ५५ ऐकून घेतलं, आयकराचं विचारलं, आणि चौघींपैकी कुणाचं आडनाव काय हेही विचारलं. करार झाला. भाडं मात्र अठराशेचं दोन हजार केलं. यंदाच्या अर्जाला तो करार जोडलाय. त्रुटींच्या यादीत तिचं नाव नाही, म्हणजे छाननी पार झाली. हप्ता अजून यायचा आहे. तोवर ऑगस्ट ते ऑक्टोबरचं भाडं वहीतून गेलंय.